लहान मुलांसाठी कृतज्ञतेची आणि मैत्रीची जपानी गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडीच्या शिक्षिका, जपानी शिकणारे विद्यार्थी आणि जपानमध्ये राहणारे मराठी पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचार मुख्यतः दोन ते सहा वर्षे वयाच्या मुलांचा आहे. जपानी व्यक्तिनामे तिकडच्या रीतीप्रमाणे आडनाव आधी घालून लिहिली आहेत, आणि गाण्यांची नावे मूळ उच्चाराच्या शक्य तितकी जवळ ठेवली आहेत.

१. आम्हाला जपानी बालगीतांची काहीच माहिती नाही. सुरुवात कोणत्या गाण्यापासून करावी?

‘सेन्सेइ तो ओतोमोदाची’ या गाण्यापासून करावी. ‘शिक्षक आणि मित्र’ असे त्याचे नाव असून शब्द योशिओका ओसामु यांचे आणि संगीत कोशिबे नोबुयोशी यांचे आहे. गाण्यात घडते ते इतकेच: पहिल्या कडव्यात मूल आणि शिक्षिका हात हातात घट्ट धरतात, दुसऱ्या कडव्यात एकमेकांना ‘ओहायो’ (‘सुप्रभात’) म्हणतात आणि तिसऱ्यात डोळे वटारून एकमेकांकडे पाहण्याचा खेळ खेळतात. एप्रिलमध्ये नव्याने शाळेत आलेले, आईचा पदर न सोडणारे मूल शिक्षिकेच्या हाताला हात लावते ते अनेकदा या गाण्याच्या निमित्ताने. भाषा येत नसली तरी चालते, कारण कृतीवरून अर्थ कळतो.

त्यानंतर ‘आरिगातो नो हाना’ (प्रश्न ४) आणि मग ‘निजी’ (प्रश्न ७) असा क्रम ठेवल्यास तीन ते पाच वर्षांची मुले कंटाळत नाहीत. शाळा सोडतानाची निरोपाची गाणी मात्र पहिल्यांदा घेऊ नयेत. ती प्रश्न १० मध्ये आहेत.

२. ही गाणी पारंपरिक लोकगीते आहेत की कुणी लिहिलेली आहेत?

जवळपास सगळी लिहिलेली आहेत, आणि लिहिणारे कोण होते हे ठाऊक असेल तर गाण्यांतला फरक समजतो. जपानमध्ये शाळेसाठी सरकारने तयार करवून घेतलेल्या गीतांना ‘शोका’ म्हणतात. त्यांचा पहिला संग्रह १८८१ सालचा आहे. ही गीते उपदेश करणारी आणि ग्रांथिक भाषेतली असल्याची तक्रार पुढे वाढत गेली. १९१८ मध्ये सुझुकी मिएकिची यांनी ‘आकाई तोरी’, म्हणजे ‘लाल पक्षी’, हे मासिक सुरू केले आणि मुलांच्या मनाला जवळची वाटतील अशी ‘दोयो’ ही नवी गीते लिहिण्याची चळवळ तेथून उभी राहिली.

युद्धानंतर हे काम नभोवाणीने आणि दूरचित्रवाणीने उचलले. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा ‘ओकासान तो इश्शो’ (‘आईबरोबर’) हा कार्यक्रम १९५९ पासून आणि ‘मिन्ना नो उता’ (‘सर्वांचे गाणे’) हा पाच मिनिटांचा कार्यक्रम १९६१ पासून चालू आहे. गेल्या काही दशकांतली सर्वाधिक गायली जाणारी गाणी मात्र थेट वर्गातून आली. संगीतकार नाकागावा हिरोताका यांनी स्वतः होइकुएनमध्ये, म्हणजे नोकरदार पालकांच्या मुलांच्या पाळणाघरात, मुले सांभाळली होती, आणि कवी शिन्झावा तोशिहिको यांच्याबरोबर त्यांनी केलेल्या गाण्यांत तो अनुभव स्पष्ट जाणवतो: ओळी लहान, स्वरांची उडी बेताची, आणि प्रसंग अंगणातले.

३. ‘आभार’ या विषयावरची गाणी शोधली तर फार थोडी सापडतात. असे का?

कारण शोध ‘आरिगातो’ या शब्दाचा घेतला जातो. जपानी बालगीतांत कृतज्ञता बहुतेक वेळा एखाद्या लहानशा कृतीत असते आणि ती कृती वर्षातल्या किंवा दिवसातल्या ठरलेल्या वेळी केली जाते. जेवायला बसताना हात जोडणे, आईचे खांदे चोपून देणे, संध्याकाळी एकमेकांचा हात धरून घरी निघणे, मार्चमध्ये वर्गाचा निरोप घेणे, अशा प्रसंगांची गाणी शोधली की यादी लांबत जाते. मैत्रीचेही तसेच आहे. १९१९ सालच्या ‘कुत्सु गा नारु’ या गाण्यात ‘मित्र’ हा शब्द नाही. मुले हात धरून शेतातल्या वाटेने चालली आहेत, कधी पाखरे होतात, केसांत फुले खोवून कधी ससे होतात, आणि त्यांच्या गाण्याबरोबर बुटांचा आवाज होतो. शिमिझु कात्सुरा यांच्या या शब्दांना हिरोता र्‍यूतारो यांनी चाल दिली. मैत्रीची व्याख्या मुलांना समजावून सांगण्यापेक्षा ही वाट एकदा वर्गात चालून पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून गाणे निवडताना विषयापेक्षा प्रसंग आधी ठरवावा. आपल्या शाळेत डबा एकत्र खाल्ला जातो का, आजी-आजोबांना कधी बोलावले जाते, वर्ष कधी संपते, हे पाहून त्या जागी गाणे बसवले तर ते टिकते. केवळ ‘मूल्यशिक्षण’ या तासासाठी पाठ करून घेतलेले गाणे संमेलन झाले की विसरले जाते.

४. ‘आरिगातो नो हाना’ या गाण्यात एवढे काय आहे, की सगळीकडे तेच ऐकू येते?

‘आभाराचे फूल’ असे या गाण्याचे नाव आहे. साकाता ओसामु यांनी शब्द आणि संगीत दोन्ही केले असून ते २००९ मध्ये ‘ओकासान तो इश्शो’ या कार्यक्रमात आले. साकाता हे याच कार्यक्रमात १९८५ ते १९९३ या काळात ‘गाणारे दादा’ होते, त्यामुळे लहान मुलांना एका श्वासात किती गाता येते याचा अंदाज त्यांना पक्का आहे. ‘आरिगातो’ असे म्हटले की समोरचे सगळे हसतात, त्याचा आनंद होतो, आणि ते फूल एका गावातून दुसऱ्या गावी उमलत जाते, एवढाच गाण्याचा विस्तार आहे.

त्याचे यश आमच्या मते दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे आभार मानणे हे कर्तव्य म्हणून सांगितलेले नाही. त्याचा परिणाम दाखवला आहे, आणि तो तीन वर्षांच्या मुलालाही लगेच पडताळून पाहता येतो. दुसरे म्हणजे ध्रुपदाच्या वेळी हातांनी फूल उमलवता येते, आणि ज्या मुलाला शब्द येत नाहीत तेही फूल उमलवू शकते. शिकवताना आधी फक्त हे फूल शिकवावे. कडवी दुसऱ्या आठवड्यात आली तरी हरकत नाही.

५. जेवणाआधी म्हणायचे जपानी गाणे कोणते?

‘ओबेन्तो’, म्हणजे ‘डबा’. शब्द आमानो चो यांचे, संगीत इचिनोमिया मिचिको यांचे. डबा आला याचा आनंद, हात स्वच्छ धुऊन झाले ही वर्दी, सगळ्यांनी मिळून नमस्कार, आणि गाणे संपताच सगळ्यांचे एकत्र ‘इतादाकिमासु’ (जेवणाआधी म्हणायचा कृतज्ञतेचा शब्द), असा त्याचा क्रम आहे. होइकुएन किंवा योचिएन या दोन्ही ठिकाणी पिढ्यान् पिढ्या ते डब्याच्या वेळी म्हटले जाते. आपल्याकडे ‘वदनी कवळ घेता’ म्हणण्याची सवय असलेल्या मुलांना या गाण्याची जागा समजावून सांगावी लागत नाही. दोन्ही म्हणायला हरकत नाही; आधी कोणते, हे मुलांना ठरवू द्यावे.

(होइकुएन म्हणजे नोकरदार पालकांच्या अगदी तान्ह्या मुलांपासून शाळेत जाण्याच्या वयापर्यंतच्या मुलांना सांभाळणारी संस्था, योचिएन म्हणजे तीन वर्षांपुढची बालवाडी, जी शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. दोन्हींचा मेळ घालणाऱ्या संस्थेला कोदोमोएन म्हणतात.)

६. शंभर मित्रांचे ते प्रसिद्ध गाणे कोणते, आणि त्यातला हिशेब चुकला आहे का?

‘इचिनेन्सेइ नि नात्तारा’, म्हणजे ‘पहिलीत गेलो की’. शब्द मादो मिचिओ यांचे, संगीत यामामोतो नाओझुमी यांचे, साल १९६६. पहिलीत जाणारे मूल विचारते, मला शंभर मित्र मिळतील का? मिळाले तर शंभर जणांनी फुजी पर्वतावर बसून ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, खायचे आहेत. दुसऱ्या कडव्यात जपानभर धावायचे आहे, आणि तिसऱ्यात जग हादरेल इतके हसायचे आहे.

हिशेबाचा प्रश्न असा, की शंभर मित्र मिळाले तर स्वतःला धरून एकशे एक जण होतात, मग भात खाणारे शंभरच कसे? हा प्रश्न जपानी मुलेही हमखास विचारतात. कुणी म्हणते एक जण घरी राहिला, कुणी म्हणते गाणारा स्वतःला मोजायला विसरला. उत्तर देऊन टाकू नये. पाच-सहा वर्षांच्या मुलांना बोटांवर मोजून वाद घालायला याहून चांगला विषय मिळणार नाही, आणि मादो यांच्या एकूण मिश्किल लेखनाला तो वाद शोभतो. १९०९ मध्ये जन्मलेल्या या कवीला १९९४ मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला आणि २०१४ मध्ये, वयाच्या एकशे चौथ्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

७. माझा मुलगा लाजाळू आहे. ‘शंभर मित्र’ हे ऐकून त्याच्यावर दडपण येणार नाही का?

येऊ शकते, आणि ही टीका जपानमध्येही होते. गाण्याचा सूर अतिशयोक्तीचा आहे, फुजी पर्वतावरची पंगत खरी नाही, हे मोठ्यांना कळते. पण नव्या शाळेत एकही ओळखीचा चेहरा नसलेल्या मुलाला शंभर हा आकडा परीक्षेसारखा वाटू शकतो. अशा मुलासाठी, विशेषतः जपानी शाळेत नव्याने दाखल झालेल्या मराठी मुलासाठी, आम्ही ‘निजी’, म्हणजे ‘इंद्रधनुष्य’, हे गाणे आधी सुचवतो.

‘निजी’चे शब्द शिन्झावा यांचे आणि संगीत नाकागावा यांचे. अंगणातले फावडे दिवसभर पावसात भिजले आहे, पाऊस थांबला आहे, कुणीतरी शिंकले आहे. दुसऱ्या कडव्यात वाळत घातलेले कपडे भिजले आहेत. तिसऱ्यात सहल पुढे ढकलली गेल्यामुळे एक मूल रडवेले झाले आहे. प्रत्येक वेळी आकाशात इंद्रधनुष्य उगवते, तुझेही मन निवळते, आणि उद्या नक्की ऊन पडेल असा दिलासा मिळतो. संपूर्ण गाण्यात मैत्रीचे नावही नाही, तरी एक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष देतो आहे, आणि लाजाळू मुलाला नेमके तेच हवे असते. जूनमध्ये शाळा सुरू होणाऱ्या आपल्या मुलांना भिजलेले अंगण आणि न वाळलेले कपडे वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

याच जोडीचे ‘तोमोदाची नि नारु तामे नि’ हे गाणे माणसे भेटतात ती मित्र होण्यासाठीच, असे सांगते. आणि ‘सेकाइजू नो कोदोमोताची गा’ हे गाणे जगातली सगळी मुले एकाच वेळी हसली, रडली किंवा गायली तर आकाश आणि समुद्रही तसेच करतील अशी कल्पना रंगवते. दुसरे गाणे मोठ्या गटाने, मैदानात म्हणावे. बंद खोलीत त्याचा निम्मा रंग जातो.

८. ‘तेनोहिरा ओ ताइयो नि’ या गाण्यात गांडुळाला मित्र का म्हटले आहे? मुले किळस करतात.

किळस करतात म्हणूनच ते गाणे हवे. १९६१ साली यानासे ताकाशी यांनी शब्द लिहिले, इझुमी ताकु यांनी संगीत दिले आणि १९६२ मध्ये ते ‘मिन्ना नो उता’ मधून घरोघरी पोहोचले. रात्री उशिरापर्यंत काम करत असताना यानासे दिव्याजवळ हात शेकत होते, तेव्हा तळहातातून लालसर रक्त दिसले आणि मन खचलेले असतानाही शरीर जिवंत आहे हे त्यांना जाणवले, ही या गाण्याची हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. गाण्यात हाच तळहात सूर्यासमोर धरला जातो.

मग मित्रांची यादी येते, आणि ती मुद्दाम तळापासून सुरू होते: पहिल्या कडव्यात गांडूळ, जमिनीत बिळे करणारा किडा आणि पाण्यावर चालणारा किडा, दुसऱ्यात चतुर, बेडूक आणि मधमाशी, तिसऱ्यात चिमणी, टोळ आणि अल्पायुषी मेफ्लाय कीटक. वाघ, सिंह, मोर यांना जागा नाही. हे सगळे जिवंत आहेत, म्हणून मित्र आहेत, असा साधा युक्तिवाद आहे. वर्गात गाणे घेताना कुंडीतली माती उकरून गांडूळ दाखवावे, आणि खिडकीशी नेऊन प्रत्येकाला आपला तळहात उन्हात धरायला लावावा. मराठी मुलांना प्राण्यांची नावे आधी मराठीत सांगावीत, नाहीतर कडव्याचा सगळा विनोद निसटतो.

९. ‘आन्पानमान’च्या गाण्यात फक्त प्रेम आणि धैर्य हेच मित्र आहेत असे म्हटले आहे. हे मुलांना एकलकोंडे करणारे नाही का?

‘आन्पानमान नो माची’ (‘आन्पानमानचे संचलनगीत’) हे १९८८ मध्ये सुरू झालेल्या कार्टून मालिकेचे शीर्षकगीत आहे. शब्द यानासे यांचेच, संगीत मिकी ताकाशी यांचे. ती ओळ ऐकून जपानी पालकही हाच प्रश्न विचारत आले आहेत. यानासे यांचे उत्तर असे होते, की संकटाशी लढायला जाताना आपल्या मित्रांना त्यात ओढू नये, ती जबाबदारी एकट्याने घ्यायची असते. त्यावेळी सोबतीला असते ते प्रेम आणि धैर्य. यामागे त्यांचे आयुष्य आहे. त्यांनी सैनिक म्हणून चीनमध्ये काम केले, भूक अनुभवली, आणि त्यांचा धाकटा भाऊ युद्धात गेला. भुकेल्याला स्वतःचा चेहरा तोडून खाऊ घालणारा गोड पावाचा नायक आन्पानमान त्या अनुभवातून निर्माण झाला. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर हे गाणे लावा अशा मागण्या रेडिओ केंद्रांकडे मोठ्या संख्येने आल्या होत्या.

तीन वर्षांच्या मुलाला अर्थातच यातले काही सांगण्याची गरज नाही. ते ठेक्यावर पाय आपटते. पण मालिकेत आन्पानमानचे मित्र भरपूर आहेत हे दाखवले, तर मोठ्या मुलांचाही गोंधळ उरत नाही. मैत्रीचे गाणे म्हणून ते निवडू नये. धीराचे गाणे म्हणून निवडावे.

१०. वर्षअखेरीच्या निरोपासाठी कोणती गाणी आहेत, आणि कोणत्या वयाला कोणते योग्य?

जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि मार्चमधला निरोप समारंभ हा बालवाडीतल्या कृतज्ञतेच्या गाण्यांचा खरा हंगाम असतो.

त्यांतले सर्वांत जुळणारे गाणे म्हणजे ‘ओमोइदे नो आरुबामु’, म्हणजे ‘आठवणींचा अल्बम’. शब्द माशिको तोशी यांचे, संगीत होन्दा तेत्सुमारो यांचे. होन्दा हे बौद्ध भिक्षू होते, तरी हिवाळ्याच्या कडव्यात नाताळ आणि सांताक्लॉज येतात. वसंतापासून हिवाळ्यापर्यंत प्रत्येक ऋतूत आपण काय केले ते आठवून पाहा, असे गाणे सांगत जाते आणि शेवटी सगळेजण लवकरच पहिलीत जाणार याची आठवण करून देते. गाणे लांब आहे, पण प्रत्येक कडव्याचा साचा एकच असल्यामुळे सहा वर्षांची मुले ते सहज पेलतात. कडव्यांच्या मध्ये मुलांनी आपल्या खऱ्या आठवणी एका वाक्यात सांगाव्यात, ही पद्धत तेथे रूढ आहे आणि ती उचलण्यासारखी आहे.

‘सायोनारा बोकुताची नो होइकुएन’ हे शिन्झावा यांच्या शब्दांतले गाणे इमारतीचा, अंगणाचा आणि तिथे घालवलेल्या दिवसांचा निरोप घेते. संस्था योचिएन असेल तर त्या जागी तो शब्द घालतात. ‘बोकुताची’ हे मुलग्यांचे ‘आम्ही’ आहे, मग मुलींनी काय म्हणावे, असे काही पालक विचारतात. मुली तसेच गातात; गाण्यांत ते सर्वांसाठी चालते.

‘आरिगातो सायोनारा’ हे इदे ताकाओ आणि फुकुदा वाकाको यांचे १९८५ मधले गाणे मित्रांना, वर्गखोलीला आणि शिक्षकांना धन्यवाद देत निरोप घेते. वर्गखोलीचे आभार मानणे ही कल्पना मुलांना फार आवडते. मात्र चाल संथ आणि शब्द थोडे वरच्या वयाचे असल्याने ते बालवाडीच्या शेवटच्या वर्षाआधी घेऊ नये.

गुरुजनांच्या ऋणाचे प्रसिद्ध गीत ‘आओगेबा तोतोशी’ हे १८८४ सालच्या शालेय संग्रहातले आहे आणि ग्रांथिक जपानीत आहे. लहान मुलांसाठी ते योग्य नाही. माध्यमिक शाळांत गायले जाणारे ‘ताबिदाची नो हि नि’ हेही नाही. ते १९९१ मध्ये साइतामा प्रांतातल्या चिचिबु येथील एका शाळेत मुख्याध्यापक आणि संगीतशिक्षिका यांनी विद्यार्थ्यांसाठी केले होते आणि तेराव्या वर्षानंतरच्या आवाजांना शोभते.

११. आई आणि आजी-आजोबांसाठी काही आहे का?

‘काताताताकी’, म्हणजे ‘खांदे चोपणे’. १९२३ सालचे हे गीत साइजो यासो यांनी लिहिले आणि नाकायामा शिन्पेइ यांनी त्याला चाल दिली. मूल आईला म्हणते, चल, तुझे खांदे चोपून देतो. आणि मग ‘तान् तोन् तान् तोन्’ असा नाद सुरू होतो. चोपता चोपता त्याला आईचे पांढरे केस दिसतात, ओसरीवर ऊन भरलेले दिसते, लाल अफूची फुले हसताना दिसतात, आणि ते विचारते, इतके बरे वाटते का गं? आभाराचा एकही शब्द न वापरता आभाराचे इतके पूर्ण गाणे दुसरे आम्हाला माहीत नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी जपानमध्ये ज्येष्ठांच्या सन्मानाचा दिवस असतो. त्या सुमारास आजी-आजोबांना बोलावून मुले त्यांचे खांदे चोपतात आणि हे गाणे म्हटले जाते. आपल्याकडच्या आजी-आजोबा दिनालाही ते जसेच्या तसे बसते. चोपण्याचा जोर आधी उशीवर आजमावून घ्यावा. २३ नोव्हेंबर हा श्रमाबद्दल कृतज्ञतेचा दिवस असतो. त्यावेळी बालवाडीची मुले अग्निशमन केंद्र किंवा पोलीस चौकीत जाऊन स्वतः केलेल्या भेटवस्तू देतात, आणि तिथे ‘आरिगातो नो हाना’ उपयोगी पडते.

१२. आम्ही टोकियोत राहतो. रोज संध्याकाळी ध्वनिक्षेपकावर वाजणारी ती धून कोणती?

बहुधा ‘यूयाके कोयाके’. नाकामुरा उको यांचे शब्द, कुसाकावा शिन यांची चाल. आपत्तीच्या वेळी सूचना देण्यासाठी नगरपालिकांनी बसवलेले ध्वनिक्षेपक नीट चालतात ना, हे पाहण्यासाठी रोज ठरलेल्या वेळी एखादी धून वाजवतात, आणि अनेक गावांनी त्यासाठी ही धून निवडली आहे. सूर्य मावळला, डोंगरावरच्या देवळाची घंटा वाजली, चला हातात हात घालून, कावळ्यांबरोबरच घरी जाऊ, असा अर्थ आहे. टोकियोतल्या निशी-कासाई या भागातल्या बागेत खेळणाऱ्या मराठी मुलांना शब्द शिकवले, तर धून वाजताच घरी बोलावण्याचे कष्टही वाचतात.

१३. हार्मोनियमवर ही गाणी वाजवता येतील का?

सहज. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली अनेक बालगीते ‘योना-नुकी’ या पंचस्वरी सप्तकात आहेत, ज्यात मध्यम आणि निषाद वगळलेले असतात. सा रे ग प ध एवढेच स्वर उरतात, म्हणजे भूप रागाचेच स्वर. ‘यूयाके कोयाके’ असे वाजवून पाहावे. चलन मात्र भूपाचे नाही, त्यामुळे मींड आणि हरकती घेऊ नयेत. सुटे, सरळ स्वर ठेवावेत. अलीकडच्या गाण्यांत सातही स्वर येतात आणि त्यांना पेटीपेक्षा पियानो किंवा गिटारची साथ अधिक मानवते.

१४. उच्चार कसे शिकवावेत?

मराठी मुलांना दोन फायदे आहेत. ‘कुत्सु’ मधला ‘त्सु’ म्हणजे जवळजवळ आपल्या ‘चूल’ मधला ‘चू’, फक्त ऱ्हस्व. आणि ‘सेकाइजू’ मधला ‘ज’ मात्र ‘जाड’ मधला नसून ‘जीव’ मधला आहे. हा भेद इतर भाषकांना शिकावा लागतो, आपल्याला ऐकून ओळखता येतो.

अडचण येते ती लांबीची. जपानी गाण्यात बहुधा एका अक्षराला एक स्वर मिळतो, आणि दीर्घ स्वराचा उरलेला भाग किंवा सुटा ‘न्’ यांनाही स्वतंत्र मात्रा मिळते. ‘इचिनेन्सेइ’ मधला ‘न्’ आपण पुढच्या अक्षराला जोडून घाईने म्हणतो आणि ठेका चुकतो. टाळी वाजवत इ-चि-ने-न्-से-इ असे सहा भाग करून म्हणवून घेतले की प्रश्न सुटतो.

१५. ही गाणी मराठीत भाषांतर करून गाऊ का?

वर्गात अर्थ कळावा म्हणून अवश्य सांगावी, पण गाताना मूळ जपानी ठेवावी. वर सांगितलेल्या मात्रांच्या हिशेबामुळे मराठी शब्द चालीत कोंबावे लागतात आणि दोन्ही भाषांचे हाल होतात. शिवाय हक्क अबाधित असलेल्या गीताचे भाषांतर छापणे किंवा ध्वनिमुद्रित करणे यासाठी परवानगी लागते (प्रश्न १६).

१६. संमेलनात गायला किंवा चित्रफीत टाकायला परवानगी लागते का?

भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार शाळेच्या उपक्रमात शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी गाणे सादर केले आणि प्रेक्षक म्हणून शाळेतली मंडळी, पालक व त्या उपक्रमाशी संबंधित व्यक्तीच असल्या, तर तो प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. तिकीट लावून केलेला मंडळाचा जाहीर कार्यक्रम या सवलतीत बसत नाही.

हक्क संपले आहेत का, हे पाहताना शब्द आणि चाल यांचा वेगवेगळा विचार करावा, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. भारतात मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे. जपानमध्ये ती २०१८ च्या अखेरीस ५० वरून ७० वर्षांवर गेली, पण १९६७ पर्यंत निधन झालेल्यांचे आधीच संपलेले हक्क पुन्हा जिवंत झाले नाहीत. ‘कुत्सु गा नारु’चे कवी १९५१ मध्ये आणि संगीतकार १९५२ मध्ये वारले, म्हणून ते गाणे पूर्ण मोकळे आहे. ‘यूयाके कोयाके’ची चाल मोकळी आहे, कारण कुसाकावा १९४८ मध्ये गेले, शब्द मात्र नाहीत, कारण नाकामुरा १९७२ मध्ये गेले. ‘काताताताकी’चेही तसेच: नाकायामा यांचे निधन १९५२ चे, साइजो यांचे १९७० चे. बाकी बहुतेक गाणी अजून हक्काधीन आहेत. आणि गाणे मोकळे असले तरी दुसऱ्या कुणी केलेले ध्वनिमुद्रण मागे लावून चित्रफीत करता येत नाही. साथ स्वतःची असावी.

१७. भारत-जपान मैत्रीच्या कार्यक्रमात ‘झो-सान’ हे हत्तीचे गाणे घेतात. ते मैत्रीचे गाणे आहे का?

नाही, पण ते घेण्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. टोकियोच्या मुलांनी हत्ती मागितला म्हणून पंडित नेहरूंनी १९४९ मध्ये ‘इंदिरा’ ही हत्तीण उएनो प्राणिसंग्रहालयाला पाठवली, आणि १९८३ पर्यंत ती तिथे होती. गाणे मादो मिचिओ यांचे असून संगीत दान इकुमा यांचे आहे, आणि ते या घटनेनंतर थोड्याच वर्षांत आले. तरी ते इंदिरेवरच लिहिले असे निवेदनात ठामपणे सांगू नये. मादो यांनी दिलेला अर्थ वेगळा आहे: तुझे नाक लांब आहे असे कुणी चिडवले, तर हत्तीचे पिल्लू अभिमानाने सांगते, हो, माझ्या आईचेही लांब आहे. इंदिरेची हकीकत आधी सांगून मग गाणे गायले, तर दोन्हींना न्याय मिळतो.

१८. आमच्या वर्गात एका मुलीला ऐकू येत नाही. जपानी चित्रफितींतल्या हातांच्या खुणा तिला शिकवाव्यात का?

आधी त्या खुणा कोणत्या आहेत ते पाहावे. ‘निजी’ आणि ‘आरिगातो नो हाना’ यांच्या बऱ्याच चित्रफितींत जपानी सांकेतिक भाषेतल्या खऱ्या खुणा असतात, तर काहींत केवळ शोभेचे हातवारे असतात. जपानी खुणांमध्ये आभार मानताना एका आडव्या तळहाताच्या पाठीवर दुसऱ्या हाताची कड टेकवून ती वर उचलतात. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे, त्यामुळे जपानी खुणा शिकवल्या तर मुलीच्या रोजच्या खुणांशी त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो. तिच्या विशेष शिक्षिकेला विचारून गाण्याचा अर्थ भारतीय खुणांत बसवून घ्यावा आणि तो सगळ्या वर्गाला शिकवावा. शिकवण्याचे काम त्या मुलीकडेच दिले तर उत्तम. ठेका तिला जमिनीवर पाय आपटून आणि ढोलकीच्या पुडीवर हात ठेवून कळतो, म्हणून तिची जागा वाद्याजवळ असावी.